मान मोडून काम



'मान मोडून काम करतो' ही आपल्या भाषेतली शाबासकी आहे. मुलगा अभ्यास करतो, कारकून खर्डे घासतो, शेतकरीण रोवणीला उभी राहते. सर्वांच्या वाट्याला हीच शाबासकी येते. कामगारांत पंचवीस-तीस वर्षे वावरल्यानंतर मात्र ती कानी पडली की आमच्या मनात चर्र होते. मोडलेल्या माना आम्ही पाहिल्या आहेत. कोळसाखाणीतल्या पाहिल्या, बांबूची मोळी वाहणाऱ्यांच्या पाहिल्या, तेंदूच्या हंगामातल्या बायांच्या तर दरसाल पाहतो. परंतु आज ज्या मानेविषयी बोलणार आहोत, ती एका दंतवैद्याची आहे. कामगार संघटनेच्या माणसाने दंतवैद्याची कड घ्यावी याचे कोणाला नवल वाटेल. आमचे शालेय शिक्षण नववीवर थांबले. पुढचे सारे वाचनालयांनी आणि माणसांनी शिकविले. तेव्हा हा विषय आम्ही शास्त्रज्ञ म्हणून मांडीत नाही. श्रमाच्या इतिहासातले एक लहानसे प्रकरण म्हणून मांडतो.

प्रसंग गडचिरोली जिल्ह्यातल्या एका जंगलगावाचा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. जिल्हा झाला, कचेऱ्या झाल्या. पण दुखणारा दात घेऊन निघालेल्या माणसाची वाट काही फार आखूड झाली नाही. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय १९६८ साली निघाले, आणि भामरागडकडच्या माणसाला नागपूर हे आजही दुसऱ्या मुलुखासारखे दूर आहे. म्हणून काही वर्षांपूर्वी तेंदूचा हंगाम सुरू होण्याआधी मजुरांच्या दातांची तपासणी करावी असे आम्ही ठरविले. गावच्या शाळेत शिबिर लावले. नागपूरहून एक तरुण डॉक्टरबाई आल्या. आम्ही त्यांच्यासाठी काय व्यवस्था केली होती? भिंतीला टेकवून ठेवलेली एक प्लास्टिकची खुर्ची आणि विजेरी धरायला एक पोरगा. एवढ्यावर आम्ही मोठे समाधानी होतो.

रांग लागली. माणूस खुर्चीत बसे, मान मागे टाकी, आणि बाई कमरेत वाकून, मान तिरपी करून त्याच्या तोंडात पाहत. खालचे दात एक वेळ दिसत. वरची दाढ पाहायची म्हणजे त्यांना गुडघे मोडून, जवळजवळ त्या माणसाच्या हनुवटीखाली शिरावे लागे. दुपारपर्यंत दर दोन रोग्यांमागे त्यांचा हात कमरेवर जाऊ लागला. रांगेतल्या एका म्हातारीने हे बराच वेळ पाहिले. उभी हयात धानाच्या बांधीत गेलेली ती बाई. ती म्हणाली, "माय, तू त रोवणाच करून राह्यली वो!"

सगळे हसले. डॉक्टरबाईही हसल्या. आम्हांला मात्र हसू आले नाही. खुर्ची आम्ही मांडली होती. ज्या माणसाने आयुष्यभर मालकांशी स्टुलासाठी भांडण केले, त्याने स्वतः एका कष्टकरी बाईला दिवसभर वाकवून ठेवले होते.

आम्ही विचारले, "बाई, हे असेच करतात का?" त्या म्हणाल्या, "नाही. रोग्याला आडवे निजवतात, आपण त्याच्या डोक्यामागे बसतो आणि आरशात पाहतो. पण इथे निजवू कुठे?" मग शाळेची दोन लांब टेबले जोडली, खाली विटा लावून उंच केली, वर घोंगडी अंथरली. माणूस निजला, त्याचे डोके टेबलाच्या कडेला आले. बाई मास्तरांच्या स्टुलावर त्याच्या डोक्याशी बसल्या. डाव्या हातात तो लांब दांडीचा, नाण्याएवढा आरसा. मान सरळ, कोपर अंगाजवळ. म्हातारी पाहून म्हणाली, "आता कसं!" उरलेली रांग त्यांनी बसून संपविली.

त्या दिवसापासून या आरशाचा इतिहास शोधण्याचे आम्हांला वेड लागले. जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो.

दाताचे दुखणे माणसाइतकेच जुने. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतील शस्त्रयंत्रांत 'दंतशंकु' नावाचे हत्यार आहे. शस्त्रकर्माच्या वेळी रोग्याला पूर्वेकडे तोंड करून बसवावे आणि वैद्याने पश्चिमेकडे तोंड करावे, असेही त्या ग्रंथात सांगितले आहे. यात कोणी शुभाशुभ पाहील. आम्हांला त्यात कामकऱ्याची अक्कल दिसते. पूर्वेकडे वळलेल्या चेहऱ्यावर सकाळचा उजेड नीट पडतो, आणि उजेड नीट पडला म्हणजे वैद्याला कमी वाकावे लागते.

पुढे हे काम बहुतेक ठिकाणी न्हाव्याकडे आणि बाजारातल्या माणसाकडे गेले. आमच्या लहानपणी आठवडी बाजारात दात काढणारा पोते अंथरून बसलेला दिसे. गिऱ्हाईक जमिनीवर, आणि तो त्याच्यावर ओणवा. यात आपणच मागासलेले होतो असे समजू नये. युरोपातही रोग्याला जमिनीवर बसवून त्याचे डोके दात काढणाऱ्याने आपल्या गुडघ्यांत धरावे, अशी रीत होती. या रीतीत डोके घट्ट धरले जाई हे खरे. परंतु रोगी अवघडे आणि काम करणारा दुमडे. फ्रान्समध्ये १७२८ साली प्येर फोशार याने दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. या विद्येचा आधुनिक पाया त्याने घातला असे मानतात. त्याने सांगितले की रोग्याला जमिनीवर बसवू नका. हातांच्या, भक्कम खुर्चीत बसवा. गोष्ट अगदी साधी वाटते. पण जमिनीवरून खुर्चीवर हा जो दीड हाताचा प्रवास, तो व्हायला शतके लागली. पुढे १७९० च्या सुमारास अमेरिकेत जोसाया फ्लॅग याने डोके टेकवायला आधार असलेली खुर्ची केली. रोग्याची सोय झाली. दंतवैद्य मात्र उभाच राहिला.

तो किती काळ उभा राहिला? ऐकून आश्चर्य वाटेल, पण जवळजवळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. १८७१ साली मॉरिसन नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने पायाने चालणारे कोरणीयंत्र काढले. शिवणयंत्राला असते तशी पायपट्टी. दात कोरायचा वेग वाढला, यंत्राची वाहवा झाली. परंतु क्षणभर त्या दंतवैद्याच्या जागी उभे राहून पाहा. एका पायावर अंगाचा भार, दुसऱ्या पायाने पायपट्टी चालू, कमरेत वाकलेला, मान वळलेली, आणि हाताने मात्र केसभरही चूक होता कामा नये. पायपट्टीवर काम करणारा शिंपी निदान बसलेला तरी असतो. यंत्र आले म्हणजे श्रम कमी झाले असे समजण्याची घाई करू नये, हा कामगार चळवळीचा जुना धडा. तो या पांढरपेशा धंद्यातही खरा ठरलेला पाहून आम्हांला एक प्रकारचे बंधुत्व वाटले. चारच वर्षांनी, १८७५ साली, विजेवर चालणाऱ्या कोरणीयंत्राचे पेटंट झाले. पाय मोकळा झाला, पाठ नाही.

आता आरशाकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लांब दांडीचा लहान आरसा दंतवैद्यांपाशी होता, याला एक गमतीदार पुरावा आहे. मानुएल गार्सिया नावाचा स्पॅनिश गायनशिक्षक होता. गाताना गळ्यात काय हालते हे त्याला पाहायचे होते. १८५४ साली त्याने दंतवैद्याचा असा आरसा मिळविला, तो घशाशी धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला, आणि आपलेच स्वरतंतू आपल्या डोळ्यांनी पाहिले. पुढल्या वर्षी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते निरीक्षण मांडले. गळ्याचे वैद्यक या शोधाने पुढे गेले. शोध लावणारा वैद्य नव्हता, गवई होता. शाळा-कॉलेजाचा शिक्का नसलेल्या आम्हां लोकांना ही गोष्ट विशेष प्रिय आहे.

आपण म्हणतो, हातच्या कांकणाला आरसा कशाला? खरे आहे. पण दाढेच्या मागच्या बाजूला आरसाच हवा. तिथे दृष्टी सरळ जातच नाही. हा आरसा तोंडात चार कामे करतो. जे सरळ दिसत नाही ते दाखवितो. दिव्याचा उजेड वळवून अंधाऱ्या कोपऱ्यात टाकतो. जीभ आणि गाल बाजूला धरून ठेवतो. आणि पुढच्या दातांमागून उजेड पाडला म्हणजे आतली कीड सावलीसारखी दाखवितो. आम्ही मात्र पाचवे काम सर्वांत मोठे मानतो. तो काम करणाऱ्याची मान वाचवितो. दृष्टी वळविण्याचे काम आरसा करतो, म्हणून मान वळवावी लागत नाही.

आरसा चांगला कोणता, यातही मर्म आहे. घरच्या आरशात मुलामा काचेच्या मागे असतो. त्यावर नखाचे टोक टेकवा. नख आणि त्याचे प्रतिबिंब यांत फट दिसेल. काचेचा पुढचा पृष्ठभागही थोडा प्रकाश परत पाठवितो आणि एका रेघेच्या दोन रेघा दिसतात. दाताच्या कामात दुहेरी रेघ म्हणजे घोटाळा. म्हणून चांगल्या दंत-आरशाचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूस असतो. त्यासाठी ऱ्होडियम हा कठीण धातू वापरतात. केरळातल्या आरन्मुळा गावचे कारागीर धातूचा जो प्रसिद्ध आरसा करतात, त्यातही प्रतिबिंब पुढच्याच पृष्ठावर उमटते आणि नखाला नख भिडते. तोंडाच्या वाफेने आरसा धुरकटतो. तो गालाच्या आतल्या बाजूला किंचित घासून घेतला की स्वच्छ होतो, ही कामातून आलेली युक्ती.

परंतु आरसा हाती दिला म्हणजे तो वापरता येतो असे नाही. आरशात पुढची हालचाल मागे आणि मागची पुढे दिसते. नवख्याचा हात उलटा जातो. सवय लागायला महिने लागतात, आणि तोवर वाकून सरळ पाहणेच सोपे वाटते. इथेच धोका आहे. वाकणे आज सोपे असते. त्याची किंमत वीस वर्षांनी द्यावी लागते. पाण्याने भरलेली घागर कमरेवर घेऊन बाई कोसभर चालते. तीच घागर हात लांब करून धरायला सांगा, शंभर पावलांत हात गळतील. माणसाचे डोके चार-पाच किलोंचे आहे. ते खांद्यांवर सरळ तोलले तर कमरेवरची घागर. पुढे झुकवून तासन्‌तास ठेवले तर लांब हाताची घागर.

हे नीट ओळखले गेले ते १९५० नंतर. १९५७ साली हवेच्या जोराने फिरणारे कोरणीयंत्र आले. मिनिटाला लाखांनी फेरे. इतक्या वेगाने दात तापतो, म्हणून त्यावर पाण्याचा फवारा हवा. फवारा आला म्हणजे तोंडात साचलेले पाणी ओढून घ्यायला दुसरा माणूस हवा. सारखे उठून थुंकणे नको झाले, तेव्हा रोगी आडवा निजू शकला. आणि रोगी निजला तेव्हा दंतवैद्य बसू शकला. त्याच सुमारास, १९५८ साली, अमेरिकेत मागे रेलणारी खुर्ची बाजारात आली, आणि चार हातांनी, बसून काम करण्याची पद्धत रुळू लागली. डॅरिल बीच नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने जपानमध्ये राहून वेगळाच विचार मांडला. यंत्राभोवती माणसाला वाकवू नका. आधी माणूस सहज, सरळ कसा बसेल ते ठरवा आणि मग यंत्रे त्याच्याभोवती मांडा. १९६४ साली त्या विचारावर बेतलेली, रोग्याला पूर्ण आडवे निजविणारी रचना जपानी कारखान्याने बाजारात आणली. रोग्याचे तोंड काम करणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला, पाय जमिनीवर टेकलेले, मान जेमतेम झुकलेली, आणि वरच्या दातांसाठी आरसा. आज शिकविली जाणारी बैठक ती हीच.

मग प्रश्न मिटला का? नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या होत्या. दंतवैद्यक करणाऱ्यांत मान, खांदे, पाठ अशी दुखणी असणाऱ्यांचे प्रमाण १०० मध्ये ६४ ते ९३ इतके आढळले. ज्ञान आहे, आरसा आहे, खुर्चीही आहे. तरी पाठी मोडतात. का?

इथे आम्ही आमच्या जुन्या गुरूकडे जातो. इटलीत मोडेना येथे बेर्नार्दिनो रामाझिनी नावाचा वैद्य होता. त्याच्या घरचा शौचकूप उपसणारा मजूर फार घाईने काम करीत होता. घाई कशाला, असे त्याने विचारले. या कामाने डोळे जळतात आणि फार वेळ थांबले तर दृष्टी जाते, असे मजुराने सांगितले. रामाझिनी तिथून निघाला तो निरनिराळ्या कारागिरांच्या कामांच्या जागा पाहत फिरला, आणि १७०० साली त्याने कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. लेखनिकांविषयी तो लिहितो की त्यांना तीन गोष्टी बाधतात: सतत बैठक, हाताची एकाच दिशेची अविरत हालचाल, आणि मनावरचा ताण. जुन्या वैद्यांच्या प्रश्नांत त्याने एका प्रश्नाची भर घातली. रोग्याला विचारा, तुझे काम कोणते?

दंतवैद्याला हा प्रश्न कोण विचारतो? १९४८ या एकाच साली आपल्या देशात दोन कायदे झाले. एक दंतवैद्यांचा. दंतवैद्यक कोणी करावे, नोंदणी कशी व्हावी, हे त्याने ठरविले. दुसरा कारखान्यांचा. त्यात ४४ वे कलम असे होते की ज्यांना उभे राहून काम करावे लागते त्यांच्यासाठी बसण्याची योग्य सोय ठेवावी, म्हणजे संधी मिळेल तेव्हा त्यांना बसता येईल. पहिल्या कायद्याला दंतवैद्याच्या पाठीशी कर्तव्य नव्हते, आणि दुसऱ्या कायद्यात दवाखाना हा कारखाना नव्हता. दोहोंच्या फटीत तो उभा राहिला.

अर्थात कायदा असूनही स्टूल मिळते असे नाही. एका कारखान्यात आम्ही या कलमाखाली स्टुले मागितली तेव्हा उत्तर मिळाले, "स्टूल दिले तर माणसे झोपतील." सात महिने पत्रव्यवहार चालला. शेवटी स्टुले आली. कोणी झोपले नाही. केरळात दुकानांत काम करणाऱ्या बायांना बसण्याचा हक्क कायद्याने मिळायला २०१८ साल उजाडले, तामिळनाडूत २०२१. बसणे ही चैन नव्हे, हे सांगायला इतकी वर्षे लागतात.

ताठ बसा, असा उपदेश फुकट असतो. डॉक्टरबाईंना ताठ बसायचे ज्ञान होते, टेबल नव्हते. टेबल, उजेड, मदतनीस आणि दर रोग्यामागे थोडा सावकाश वेळ, ही चार मिळाली तरच आरसा कामाला येतो. उजेडाचे मोल आमच्या जिल्ह्याला कोणी सांगायला नको. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे वीज नसताना वर्षानुवर्षे रोगी तपासले. अशा ठिकाणी उजेड वळविणारा लहानसा आरसाही किती मोठा आधार असतो, हे शहरातल्या माणसाला चटकन कळणार नाही.

आणि आरशात दिसते काय? दोन्ही जिल्ह्यांच्या तोंडांचा इतिहास. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे; तिथल्या मुलांच्या दातांवर पांढुरके-तपकिरी पट्टे दिसतात. त्याहून भयंकर खर्रा. सुपारीची खांडे, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला हा पदार्थ. भूक मारायला, थकवा मारायला आमचा मजूर तो दिवसभर तोंडात धरतो. सुपारीने गालाची आतली कातडी राठ होते, आवळत जाते. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटे उभी मावतात. या रोगात दोन, मग एक. आणि शेवटी तो आरसाही आत जात नाही. पुढे कर्करोगाची भीती. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूविरोधी काम 'सर्च' संस्थेने शासनाच्या आणि टाटा ट्रस्टच्या सहकार्याने उभे केले, ते याचसाठी. आमच्या शिबिरात तिशीतला एक बांबू तोडणारा आला. त्याच्या तोंडात एकच बोट गेले. डॉक्टरबाई काही बोलल्या नाहीत. आरसा खाली ठेवला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसल्या. पाठ वाचविणारी कोणतीही युक्ती तिथे पुरी पडणार नव्हती. मजुराने खर्रा सोडावा, हे खरेच. पण कोणत्या भुकेने आणि कोणत्या थकव्याने तो धरला, हे विचारल्यावाचून आमचे समाधान होत नाही.

त्या म्हातारीने डॉक्टरबाईंच्या कामाला रोवणा म्हटले ते वरवरचे नव्हते. तेंदूची झुडपे हंगामापूर्वी छाटतात, म्हणजे नवी कोवळी पाने येतात. ती येतात गुडघ्याच्या उंचीला. म्हणून पहाटेपासून वाकायचे. मग घरी आणून ७०-७० पानांचे पुडके बांधत जमिनीवर बसायचे. संध्याकाळी फळीवर नेऊन पुन्हा वाकून रांगा लावायच्या. तेंदूच्या पानाला आरसा लावता येत नाही. पण फळीवर कमरेच्या उंचीचा माच बांधता येतो. शिबिरानंतरच्या बैठकीत ही मागणी प्रथम निघाली, आणि ती काढली त्या म्हातारीनेच. "बाईले टेबल भेटलं, आमाले काहून नाई?" असा तिचा सवाल होता. काही ठिकाणी मजुरांनी स्वतःच बांबूचे माच घातले. बहुतेक ठिकाणी अजून जमीनच आहे.

पुढल्या वर्षी आम्ही त्याच शाळेत पुन्हा शिबिर घेतले. डॉक्टरबाई पोहोचण्याआधी पोरांनी टेबले जोडून, विटा लावून ठेवली होती, आणि स्टूल डोक्याच्या बाजूला मांडले होते. आम्ही काही सांगितले नव्हते.

रामाझिनीने रोग्याला त्याचे काम विचारायला शिकविले. आमची एवढीच विनंती आहे की त्याला जोडून आणखी एक विचारावे, कसे उभे राहून, कसे बसून ते काम करता? आणि हे विचारताना समोर मजूर आहे की डॉक्टर, हे पाहू नये. मान दोघांची सारखीच मोडते.